स्टोन रोझेस : पहिल्या अल्बमनंतरची साडेपाच वर्षं नक्की गेली कुठे?

कॅसेटवाला
दुसऱ्या धाग्यावर गाडी भरकटायला लागली म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे कुणीतरी लिहिलं की स्टोन रोझेसचा दुसरा अल्बम, सेकंड कमिंग, रखडला कारण कोर्टकचेरी चालू होती. हे नेहमीचं उत्तर, आणि माझ्या मते ते जेमतेम अर्धं खरं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मँचेस्टरची चार पोरं, इयन ब्राउन गायला, जॉन स्क्वायर गिटारवर, मॅनी बेसवर आणि रेनी ड्रम्सवर. १९८९मध्ये पहिला अल्बम, नाव बँडचंच. प्रोड्यूसर जॉन लेकी, म्हणजे अ‍ॅबी रोड स्टुडिओत टेप ऑपरेटर म्हणून सुरुवात केलेला, अगदी मुरलेला माणूस. कव्हर स्क्वायरने स्वतः रंगवलेलं, जॅक्सन पोलॉकसारखे रंगांचे फरांटे आणि त्यावर लिंबाच्या चकत्या (१९६८च्या पॅरिसमध्ये अश्रुधुरावर उतारा म्हणून पोरं लिंबू जवळ ठेवायची, तो संदर्भ). गंमत म्हणजे आला तेव्हा अल्बम काही लगेच धोधो चालला नाही, हळूहळू तोंडी पसरत गेला आणि वर्षअखेरीस फूल्स गोल्ड हे गाणं आलं तेव्हा सगळी ब्रिटिश पोरं बॅगी पँट घालून फिरायला लागली होती. मे १९९०मध्ये स्पाइक आयलंडवरच्या कार्यक्रमाला सुमारे २७ हजार लोक. केमिकल कारखान्यांच्या शेजारची जागा, वारा सुटलेला, साउंड धड ऐकू येत नव्हता, तरी आजही लोक अभिमानाने सांगतात की आम्ही तिथे होतो. जुलैत वन लव्ह हे सिंगल, चौथ्या नंबरवर.

आणि मग गप्प. थेट डिसेंबर १९९४.

आता हिशोब मांडू. सप्टेंबर १९९०मध्ये त्यांच्या कंपनीने, सिल्व्हरटोनने, कोर्टातून मनाई हुकूम आणला, दुसऱ्या कुणासाठी रेकॉर्डिंग करायचं नाही. मे १९९१मध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला, करार रद्द, लगेच गेफेन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीकडून घसघशीत अ‍ॅडव्हान्स. सिल्व्हरटोन अपिलात गेली त्यात आणखी वर्षभर. म्हणजे कितीही ताणलं तरी १९९२पर्यंत येतो आपण. पुढची अडीच वर्षं कोणत्या कोर्टाने खाल्ली?

ती वेल्समध्ये गेली. आधी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ आणून काम सुरू केलं, मग रॉकफील्ड स्टुडिओत मुक्काम ठोकला. रॉकफील्ड म्हणजे शेतावरचा स्टुडिओ, तिथेच राहायचं तिथेच जेवायचं. लेकीच्या लक्षात आलं की गाणी तयारच नाहीयेत आणि हे लोक एकत्र वाजवतच नाहीत, १९९३मध्ये तो निघून गेला. मग पॉल श्रोडर आला, मग सायमन डॉसन. तीन प्रोड्यूसर, एक अल्बम. मधल्या काळात काही जण बाप झाले, पैसे हातात आले होते, घाई कुणालाच नव्हती आणि मॅनेजर गॅरेथ इव्हान्सलाही काढून टाकलं होतं, म्हणजे चला उठा कामाला लागा म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच की कोर्टाने त्यांना थांबवलं, पण मोडलं नाही. चौघांनी एका खोलीत उभं राहून वाजवणं बंद केलं तिथे बँड संपला, अल्बम नंतर आला. पुरावा अल्बमच्या मागच्या बाजूला छापलाय. पहिल्यावर गाण्यांचं श्रेय स्क्वायर आणि ब्राउन जोडीला. दुसऱ्यावर एकामागून एक नुसतं स्क्वायर, स्क्वायर, स्क्वायर.

अल्बम मात्र मला आवडतो, आणि त्यासाठी शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय.

खडूस
घ्या मग शिव्या. :)
सेकंड कमिंग हा साडेपाच वर्षं वाट बघायला लावून दिलेला लेड झेपलिन बँडचा झेरॉक्स आहे. पहिलं गाणं ब्रेकिंग इंटू हेवन, अकरा मिनिटांचं, त्यातली पहिली साडेचार मिनिटं काय तर पाण्याचा खळखळाट, जंगलातले आवाज, लांब कुठेतरी ढोल, गिटारची कुरकुर. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला अजून साडेचार मिनिटं थांबवतात. उद्दामपणाला पण लिमिट असते राव.

रीवाइंड
@खडूस, तो उद्दामपणाच तर त्यांचा यूएसपी होता. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं आय वॉना बी अडोर्ड, शेवटचं आय अ‍ॅम द रेझरेक्शन, आणि दुसऱ्याचं नाव सेकंड कमिंग, म्हणजे ख्रिस्ताचं पुनरागमन. येशू ख्रिस्तापेक्षा कमी काही चालतच नव्हतं त्यांना.

बीबीसीवर लाइव्ह कार्यक्रमात मध्येच वीज गेली तेव्हा इयन ब्राउन मागे उभा राहून निवेदिकेला ऐकू जाईल असं "अ‍ॅमॅच्युअर्स" म्हणून ओरडत होता, यूट्यूबवर आहे, बघाच. आणि जुन्या कंपनीने (सिल्व्हरटोन नव्हे, त्याआधीची) न विचारता जुनं गाणं स्वतःचा व्हिडिओ करून पुन्हा बाजारात आणलं म्हणून चौघांनी वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन त्यांच्या ऑफिसवर रंगाचे डबे ओतले. प्रत्येकी ३००० पौंड दंड झाला. स्क्वायरचं पेंटिंगचं वेड ऑफिसपर्यंत पोचलं असं म्हणू.

वकीलबाई
कोर्टाचा भाग घाईत उरकलात, कॅसेटवाला, म्हणून थोडी भर घालते. हा निकाल मनोरंजन क्षेत्रातल्या करारांवर बोलताना अजूनही निघतो.

१९८८मध्ये पोरांनी सही केली तेव्हा त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि मॅनेजर त्या धंद्यात नवखा होता, त्यांच्या बाजूने करार वाचणाऱ्या वकिलालाही या प्रकारच्या करारांचा फारसा अनुभव नव्हता. समोर मात्र पक्के व्यावसायिक. करारात बँड कंपनीला बांधलेला, पण रेकॉर्ड बाजारात आणलीच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. म्हणजे कंपनीने ठरवलं तर गाणी कपाटात ठेवून द्यायची आणि पोरांनी दुसरीकडेही जायचं नाही. न्यायाधीशांनी हे माणसाच्या पोटापाण्याच्या उद्योगावर अवाजवी बंधन आहे असं ठरवून करार मोडीत काढला. याआधी १९७४मध्ये एका तरुण गीतकाराच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने अशीच भूमिका घेतली होती, श्रोडर विरुद्ध मॅकॉले. (हा श्रोडर तो प्रोड्यूसर नव्हे, नुसता योगायोग.)

आपल्याकडे १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ आहे, त्यात व्यवसायावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातलच धरतात, अपवाद थोडे. तरी नवे गायक-वादक कसलेही कागद न वाचता सह्या करतात हे रोज बघते.

पण तुमच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. खटला संपतो तो कागदावर. दोन वर्षं साक्षी, तारखा, उद्या काय होणार माहीत नाही अशा अवस्थेत काढलेला माणूस निकालानंतर सोमवारी सकाळी उठून पूर्वीसारखा कामाला लागत नाही. मी अशिलांच्या घरी बघितलंय, जिंकलेले लोकही वर्षभर नुसते बसून असतात. तेव्हा ती अडीच वर्षं पूर्ण वेल्सच्या खात्यावर टाकू नका.

कॅसेटवाला
@वकीलबाई, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी आहे. खटल्याची हँगओव्हर वर्षं, मान्य. पण ताई, त्या बसून राहण्याचा पगार गेफेनने आगाऊ दिला होता हेही लक्षात घ्या. तुमच्या अशिलांना तशी सोय नसावी.

त्रिताल
मी तबलेवाला माणूस, रॉक फार ऐकत नाही, पण रेनीसाठी या धाग्यावर आलो.

पहिल्या अल्बममध्ये सगळे गिटारबद्दल बोलतात, मला वाटतं तो ड्रमरचा अल्बम आहे. आय अ‍ॅम द रेझरेक्शनचा उत्तरार्ध ऐका, गाणं संपल्यावर जे चार मिनिटं नुसतं वाजवलंय ते. रेनी ठेका धरून बसत नाही, पण कुठे सोडतही नाही, हाय-हॅटवर असं हलकं काहीतरी चालू असतं की समेवर येताना आपलीच मान हलते. आणि मॅनीचा बेस त्याला असा चिकटलेला की दोघांत कागद सरकणार नाही. रेनी वर गातोय पण, बॅकिंगला. ब्राउनला लाइव्हमध्ये सूर सापडायची मारामार, त्याला रेनीच सावरून घ्यायचा.

दुसऱ्या अल्बममध्ये काय झालंय तर गिटार इतकी पुढे आलीय, थरावर थर, सोलोवर सोलो, की ड्रम्सना तिच्या मागून चालावं लागतं. ड्रायव्हिंग साउथ ऐका. वाजवलंय उत्तमच, पण कुणीतरी ठरवून दिलेलं वाजवल्यासारखं. डेब्रेकमध्ये मात्र पुन्हा तो जुना खेळ आहे, मी क्रेडिट्स आत्ता बघितले तर त्या गाण्याला चौघांचीही नावं आहेत! म्हणजे कॅसेटवाल्यांचा मुद्दा मला कानाने पटला होता तो कागदावरही निघाला.

खडूस
डेब्रेक म्हणजे साडेसहा मिनिटांचा जॅम, गाणं कुठंय त्यात?

त्रिताल
@खडूस, तेच तर सांगतोय की राव.

मुक्काम पोस्ट स्टॉकपोर्ट
इथे मँचेस्टरजवळ बरीच वर्षं आहे, त्यामुळे लिहावंच लागेल. या गावात रोझेसबद्दल वाकडं बोललेलं चालत नाही, खडूसराव इथे येणार असाल तर आयडी बदलून या. ओल्ड ट्रॅफर्डवर मॅचआधी खेळाडू मैदानात उतरतात तेव्हा दिस इज द वन वाजतं, पहिल्या अल्बममधलं. सत्तर हजार लोक. मी फुटबॉलवाला नाही, तरी त्या क्षणी अंगावर काटा येतो.

पण माझ्या ऑफिसातले त्या पिढीचे लोक दुसऱ्या अल्बमचा विषय निघाला की जे सांगतात ते गाण्यांबद्दल नसतंच. ते सांगतात की १९८९मध्ये आम्ही कॉलेजात होतो, १९९४मध्ये कर्जाचे हप्ते भरत होतो. मधल्या काळात निर्वाणा येऊन गेलं, स्वेड आलं, ब्लरचं पार्कलाइफ आलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये ओएसिसचा पहिला अल्बम. ओएसिसचा लियम रोझेसला बघूनच गायक व्हायचं ठरवून आलेला. म्हणजे डिसेंबरात हे परतले तेव्हा यांच्या खुर्चीत यांचाच चेला बसलेला. आणि गंमत बघा, पुढच्या उन्हाळ्यात ओएसिसने त्याच रॉकफील्डमध्ये जाऊन आपला दुसरा अल्बम काही आठवड्यांत उरकला, तो किती खपला ते सांगायला नको.

अजून एक. परतल्यावर पहिली मुलाखत त्यांनी मोठ्या म्युझिक मासिकांना न देता बिग इश्यूला दिली, बेघर लोक रस्त्यावर उभे राहून विकतात ते मासिक. विकणाऱ्यांचं भलं झालं, पण इतकी वर्षं वाट बघणारे पत्रकार जाम चिडले. नंतरच्या रिव्ह्यूंमध्ये त्याचा राग थोडा तरी उतरला असणार असं माझं आपलं मत.

बेसमेंट
मी थोडा विषयाला सोडून. दुसऱ्या अल्बमच्या वेळी कंपनी आणि बँड यांच्यातली ओढाताण बघायची तर बॉस्टन या अमेरिकन बँडचं उदाहरण उलट्या बाजूने बघा. टॉम शोल्झ, एमआयटीचा इंजिनिअर, पोलरॉइडमध्ये नोकरी, घरच्या तळघरात एकट्याने टेपवर टेप चढवत पहिला अल्बम जवळजवळ तयारच केला. १९७६. अमेरिकेत एक कोटी सत्तर लाख कॉप्यांचं सर्टिफिकेशन आहे त्याला. लगेच कंपनी मागे लागली, दुसरा दे, दुसरा दे. दोन वर्षांत दिला, तो म्हणतो अर्धाकच्चा ओढून नेला माझ्याकडून. मग तिसऱ्याला हा बाबा हटून बसला, माझं झाल्याशिवाय देणार नाही. त्याच्या कंपनीने, सीबीएसने, दावा लावला. अल्बम आला १९८६मध्ये, दुसऱ्याच कंपनीकडून, आणि थेट पहिल्या नंबरवर गेला.

म्हणजे उशीर झाला म्हणून लोक पाठ फिरवतात हे काही खरं नाही. आठ वर्षांनी आलेला पण चालला.

कॅसेटवाला
@बेसमेंट, फरक हाच की शोल्झ पहिल्यापासून एकटाच होता. तळघरात एकट्याने पहिला केला, तिसराही एकट्याने केला, पद्धत तीच. स्क्वायर चौघांच्या बँडमध्ये असताना एकटा पडला आणि एकट्यासारखं काम करायला लागला.

आणि लेकीचं पुढे काय झालं बघा. रोझेसना सोडून निघालेला हा माणूस १९९४मध्ये कुणाकडे गेला? रेडिओहेडकडे. त्यांचाही दुसराच अल्बम, क्रीप या आधीच्या हिट गाण्याच्या ओझ्याखाली दबलेले, स्टुडिओत बसून बसून काही होईना. मग मध्येच टूरवर गेले, रोज रात्री लोकांपुढे वाजवलं, परत आले आणि अडकलेली गाणी भराभर निघाली. माय आयर्न लंग तर लंडनच्या अ‍ॅस्टोरियातल्या लाइव्ह कार्यक्रमाचीच टेप आहे, फक्त गायन नंतर पुन्हा घेतलंय. झाला द बेंड्स. प्रोड्यूसर तोच, संकट तेच, फरक एवढा की हे लोक स्टेजवर जाऊन आले. रोझेस १९९०च्या उन्हाळ्यानंतर १९९५पर्यंत लोकांपुढे उभेच राहिले नाहीत. पाच वर्षं लाइव्ह नाही! कुठला बँड टिकेल?

जुनाजाणता
तुम्ही पोरं मँचेस्टरला गेलात, मुंबई विसरलात. आपल्या रॉक मशीनचा दुसरा अल्बम १९९०चा, आणि त्याचं नाव काय होतं? द सेकंड कमिंग! रोझेसच्या चार वर्षं आधी. पहिला रॉक अँड रोल रेनिगेड १९८८चा, कॉलेज फेस्टिव्हलमध्ये टॉप ऑफ द रॉक सुरू झालं की पोरं वेडी व्हायची. उदय बेनेगल, महेश टिनईकर, मार्क सेल्विन ही मंडळी.

यांची अडचण मात्र वेगळी. स्वतःची गाणी वाजवली की खालून ओरडा, डीप पर्पल वाजवा, मेटालिका वाजवा. कंपन्यांना हिंदी सिनेमाच्या कॅसेटी विकण्यातून फुरसत नाही. १९९३मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले, १९९५ला त्या नावाने अल्बम आला, दोनेक वर्षांत पांगले. नंतर पुन्हा एकत्र येऊन २०१२मध्ये इव्हॉल्व्ह काढला, म्हणजे मधे सतरा वर्षं. त्यापुढे तुमचे रोझेस एकदम वक्तशीर.

ऋ
जुनाजाणता काका, यावर वेगळा धागा काढाच. रंगभवनच्या आठवणींसकट.

रीवाइंड
काकांना +१.

मूळ विषयाचं शेपूट कुणी लिहिलंच नाही. मार्च १९९५, टूरला दोन आठवडे असताना रेनी सोडून गेला. त्याच उन्हाळ्यात ग्लास्टनबरी फेस्टिव्हलचे हेडलाइनर होते, तर स्क्वायर कॅलिफोर्नियात माउंटन बाइकवरून पडला, हसडीचं हाड मोडलं, त्यांच्या जागी ऐनवेळी पल्पला बोलावलं आणि त्या एका रात्रीत पल्प स्टार झाले. एप्रिल १९९६मध्ये स्क्वायरही गेला. तरी ब्राउन आणि मॅनीने अझीझ इब्राहिम (पाकिस्तानी वंशाचा, मँचेस्टरचाच, चांगला गिटारिस्ट) याला घेऊन ऑगस्टमध्ये रेडिंग फेस्टिव्हल केला. ब्राउनचा आवाज त्या दिवशी असा काही लागला की काही लोक तिथेच रडले म्हणतात. ऑक्टोबरात दुकान बंद.

२०११मध्ये पुन्हा एकत्र आले, २०१२मध्ये हीटन पार्कात तीन रात्री मिळून दोन लाखांवर लोक. २०१६मध्ये दोन नवी गाणी सोडली, तिसऱ्या अल्बमची हवा झाली, २०१७मध्ये तेही संपलं. तिसरा अल्बम नाहीच.

ऋ
मी यातलं काहीच ऐकलेलं नाही, पण धागा वाचून उत्सुकता आहे. दुसरा अल्बम कुठून सुरू करू? आणि सीडीवर ९० गाणी दिसतायत, हे काय आहे? आमच्या मामाची जुनी सीडी मिळालीय.

कॅसेटवाला
@ऋ, बारा गाणी आहेत. तेरा ते एकोणनव्वद म्हणजे चार-चार सेकंदांची शांतता, प्लेअरवर नुसते आकडे पळताना दिसतात. नव्वदावर द फॉझ नावाचा प्रकार आहे, पियानो आणि व्हायोलिनवर पोरं टवाळक्या करतायत. सुंदर वगैरे अजिबात नाही, पण सगळ्या अल्बमात ते एकत्र हसतायत असं तिथेच वाटतं.

सुरुवात लव्ह स्प्रेड्सपासून कर, हेच पहिलं सिंगल होतं, दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. मग टेन स्टोरी लव्ह साँग, पहिल्या अल्बमच्या सर्वांत जवळचं तेच. मग टाइटरोप, त्यात गिटारच्या भिंती नाहीत, लाकडी गिटार, टाळ्या-थापा आणि दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळलेले, चौघं गोल करून बसलेत असं वाटतं. बेगिंग यू मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांचा विचार करून. ब्रेकिंग इंटू हेवन शेवटी, आणि ते अख्खं, पुढे ढकलायचं नाही. खडूस काही म्हणोत, साडेचार मिनिटांनंतर जेव्हा रेनी शिरतो तेव्हा सगळं वसूल होतं.

खडूस
ढकलायचं. मी ढकलतो.
टाइटरोप परत ऐकलं मगाशी, त्यावर भांडणार नाही. पण टिअर्सला कुणी चांगलं म्हणालं तर हा धागा मी दोनशेपर्यंत नेईन, सांगून ठेवतो.